सुस्थितीतून विषमता कशी दिसते

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागण्याच्या दिवसांत बडोद्यातील मराठी घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आमच्या मुलाने मेहनत केली, म्हणून त्याला मिळाले.’ हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. परंतु बोलता बोलता त्याला एक दुसरे वाक्य जोडले जाते, कधी उघडपणे तर कधी केवळ सुरातून, की ज्यांना मिळाले नाही त्यांनी मेहनत केली नसणार. पहिल्या वाक्यातून दुसरे निघत नाही. तरीही सुशिक्षित, सुस्थित आणि एरवी न्यायी विचार करणाऱ्या माणसांना ते सहज निघाल्यासारखे वाटते. असे का होते, यावर समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अनेक दशके काम करीत आले आहेत. त्यांना काय आढळले, ते येथे आपल्या परिचयाच्या उदाहरणांसह सांगायचे आहे.

आधी ‘वर्गीय लाभ’ म्हणजे काय, ते स्पष्ट करणे आवश्यक आहे. बँकेतील शिल्लक हा त्याचा केवळ एक भाग झाला. घरात आधीच्या पिढीपासून चालत आलेले शिक्षण, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटावे याची माहिती, शिक्षकांशी आणि अधिकाऱ्यांशी न बिचकता बोलण्याची सवय, आजारपण किंवा नापास होणे पचवू शकेल अशी आर्थिक सुरक्षितता, हे सारे त्यात येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी यातील भाषा, आवडीनिवडी आणि वागण्याबोलण्याची रीत या भागाला सांस्कृतिक भांडवल म्हटले. शाळा ज्या भाषेला आणि ज्या वागणुकीला ‘हुशारी’ मानते, ती काही मुलांना घरातच मिळालेली असते. मग शाळा तिलाच त्या मुलांची अंगभूत गुणवत्ता म्हणून गुण देते, असे त्यांचे सांगणे होते.

हे लाभ ज्याला मिळतात त्यालाच ते सर्वांत कमी दिसतात, आणि याचे कारण साधे आहे. कष्ट शरीराला आणि मनाला जाणवतात. रात्रीचे जागरण, परीक्षेची भीती, सोडलेले समारंभ आठवणीत राहतात. आधार मात्र जाणवत नाही, कारण तो असतो तेव्हा काहीच अडत नाही. अभ्यासासाठी वेगळी खोली असणे ही आठवणीत राहण्यासारखी घटना नव्हे. गुजकेटचा, म्हणजे गुजरातमधील सामायिक प्रवेश परीक्षेचा, अर्ज आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्यांमधील पसंतीक्रम वडिलांनी शेजारी बसून भरून दिला, पहिल्या प्रयत्नात हवे ते महाविद्यालय मिळाले नाही तर एक वर्ष थांबण्याची मुभा मिळाली, मकरपुऱ्यातील कारखान्यात काकांच्या ओळखीने प्रशिक्षणाची जागा मिळाली, या गोष्टी यशाची हकिगत सांगताना गळून जातात. त्या लपवल्या जातात असे मला वाटत नाही. त्या सांगण्याजोग्या वाटतच नाहीत. शाय डेव्हिडाय आणि थॉमस गिलोव्हिच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही असमानता वाऱ्याच्या उपमेने मांडली: सायकल चालवताना समोरून येणारा वारा प्रत्येक क्षणी जाणवतो, पाठीमागून ढकलणारा वारा थोड्याच वेळात विसरला जातो. त्यांच्या अभ्यासांत निरनिराळ्या गटांतील माणसे स्वतःच्या वाट्याला आलेले अडथळे ठळकपणे सांगत, आणि स्वतःला मिळालेल्या सोयी त्यांना तितक्या सहज आठवत नसत.

विस्मरणाबरोबर दुसरी एक गरजही काम करते. सुदैवी माणसाला केवळ सुदैवी असण्यात समाधान नसते, त्या सुदैवावर आपला हक्क आहे अशी खात्री त्याला हवी असते, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी धर्मांचा अभ्यास करताना नोंदवले होते. मेल्विन लर्नर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ही प्रवृत्ती त्रयस्थांमध्येही दिसली. दोन माणसे मिळून एक काम करीत होती आणि त्यांपैकी एकालाच मोबदला मिळणार होता. कोणाला मिळणार हे नशिबावर ठरले आहे, हे प्रेक्षकांना सांगितलेले होते. तरीसुद्धा ज्याला पैसे मिळाले त्यानेच अधिक काम केले, असे मत प्रेक्षकांनी दिले. जग न्यायाने चालते, ज्याला जे मिळते ते त्याच्या योग्यतेनुसारच मिळते, या श्रद्धेची मनाला इतकी गरज असते की डोळ्यांसमोर घडलेली सोडतही ती योग्यतेत बदलून टाकते.

२०१९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी पत्त्यांच्या एका खेळातून हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने तपासला. खेळाच्या एका प्रकारात हरलेल्याने आपली उत्तम पाने जिंकलेल्याला द्यायची होती, म्हणजे एकदा जिंकलेला पुढेही जिंकत राहील अशी रचना होती. दुसऱ्या प्रकारात नियम उलटा होता. खेळ संपल्यावर तो न्याय्य होता का, असे विचारले असता जिंकलेले लोक हरलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात ‘हो’ म्हणाले, आणि आपल्या यशाचे श्रेय कौशल्याला देण्याचा कलही त्यांच्यातच अधिक होता. या खेळाडूंची जिंकलेली आणि हरलेली अशी विभागणी खेळानेच केलेली होती. म्हणजे मताआधी स्थान आले आणि स्थानानुसार मत घडले. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘श्रीमंतांचे विचार मुळातच वेगळे असतात’ या समजुतीला तो धक्का देतो. त्याच माणसाला दुसऱ्या खुर्चीत बसवले तर त्याला खेळ वेगळा दिसतो.

स्थान किती योगायोगाने मिळते, याचे उदाहरण शोधण्यासाठी बडोद्यात राहणाऱ्या माणसाला दूर जावे लागत नाही. १८७५ मध्ये बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यानंतर महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी ज्या मुलाची निवड केली, तो नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील बारा वर्षांचा गोपाळ होता, आणि त्याला तेव्हा लिहितावाचता येत नव्हते. त्याला एलियटसारखा शिक्षक मिळाला, राजा सर टी. माधवरावांसारख्या दिवाणाचे मार्गदर्शन मिळाले, आणि १८८१ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या या सयाजीराव महाराजांनी पुढे १९३९ पर्यंत राज्य करून बडोद्याला देशातील अग्रगण्य संस्थानांत नेऊन बसवले. त्यांच्या बुद्धीविषयी, परिश्रमांविषयी आणि दूरदृष्टीविषयी कोणीही शंका घेणार नाही. परंतु ती बुद्धी कवळाण्यातही त्यांच्यापाशी होतीच. गायकवाड घराण्याशी दूरचे नाते नसते आणि निवड दुसऱ्या कोणाची झाली असती, तर ती शेतातच राहिली असती आणि आज तिचे नावही कोणाला ठाऊक नसते. त्या काळी आसपासच्या गावांत अशी किती मुले असतील, याचा हिशेब कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

महाराजांनी स्वतः या गोष्टीचा विसर पडू दिला नाही, असे त्यांच्या कारभारावरून म्हणता येते. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. ज्याने गुणवत्तेला संधी मिळण्याचा अर्थ स्वतःच्या आयुष्यात पाहिला, त्याने ती संधी दत्तकविधानाच्या योगायोगावर सोडली नाही.

याच शहरात या कथेची दुसरी बाजूही घडली. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदे संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला परत आले, तेव्हा परदेशातील उच्च शिक्षण त्यांच्यापाशी होते, आणि राहण्यासाठी शहरात एक खोली मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला होता, तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि परिचितांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. ज्या बागेत त्यांनी त्यानंतरचे तास काढले, त्या कामाठीबागेच्या परिसरातील स्थान आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. गुणवत्ता असेल तर तिला मार्ग मिळतोच, असे म्हणणाऱ्याने १९१७ च्या बडोद्यातील हे दिवस डोळ्यांसमोर आणावेत. भारतात वर्गाचा विचार जातीला वगळून पूर्ण होत नाही तो यामुळेच: पदवी, पगार आणि राजाश्रय असूनही जातीने दार बंद केले. ज्यांच्यासाठी दार बंद नव्हते, त्यांना ते दार आहे हेसुद्धा कधी कळले नाही.

बडोद्यातील मराठी समाजाच्या संदर्भात हा विषय अधिक जवळचा होतो. गायकवाडांच्या राज्यामुळे येथे आलेल्या अनेक कुटुंबांचा पाया दरबारी नोकऱ्या, कारकुनी, शिक्षण आणि वकिली यांत घातला गेला. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या परिसरातील अनेक घरांत चार पिढ्यांपासून पुस्तके आहेत. दुसरीकडे मजुरीच्या शोधात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही याच शहरात आहेत, आणि त्यांच्या घरांत शाळा पूर्ण करणारी पहिली पिढी आता कोठे मोठी होत आहे. दोघेही मराठी बोलतात, दोघांच्याही गणपतीच्या आरत्या त्याच असतात, परंतु ‘मेहनत केली की सगळे मिळते’ या वाक्याचा दोघांचा अनुभव एक नाही.

सुस्थित घरांतून यावर जे उत्तर येते ते बहुधा आजोबांचे असते: आजोबा वारावर जेवून शिकले, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, आम्हांलाही कोणी काही आयते दिले नाही. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ सॅम फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच रीत आढळली. चांगल्या व्यवसायांत असलेली, मध्यमवर्गीय घरांत वाढलेली काही माणसे स्वतःला कामगारवर्गातील मानत होती, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ती आजोबा-पणजोबांच्या कष्टांची कथा सांगत होती. त्या कथेमुळे स्वतःचे बालपणीचे लाभ झाकले जात आणि आजचे यश खडतर वाटचालीचे फळ वाटत असे.

आपल्याकडील वार लावून जेवण्याच्या कथा खोट्या नाहीत आणि त्यांतील उपासमारही खोटी नाही. त्या आजोबांबद्दल मला आदरच आहे. तरीही त्या कथेत एक तपशील असतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. आठवड्याचे सात वार सात घरी जेवण मिळत असे, कारण ती सात घरे त्या मुलाला आपल्या पंगतीत बसवण्यास तयार होती, आणि ही तयारी जातीवर अवलंबून होती. तितकाच गरीब आणि तितकाच हुशार असलेला दुसऱ्या जातीचा मुलगा त्या घरांच्या ओट्यावरही चढू शकत नव्हता. पैसा नसतानाही लाभ असू शकतो, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके सिद्धान्तांतून होत नाही.

लाभ न दिसण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपण स्वतःची तुलना कोणाशी करतो, हे. जवळजवळ प्रत्येक सुस्थित कुटुंब स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवते, कारण त्याची नजर वरच्या पायरीकडे असते: अमेरिकेतील मावसभाऊ, पुण्यातील दोन सदनिका असलेले मित्र, अलकापुरीतील बंगले. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी तयार झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विषमतेवरील अहवालात सांगितले होते की दरमहा २५,००० रुपये मिळवणारी व्यक्ती भारतातील वेतन मिळवणाऱ्यांच्या वरच्या १० टक्क्यांत येते. हा आकडा ऐकून आपल्यापैकी बहुतेकांना तो चुकीचा वाटतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये ठेवली गेली, आणि ती अनेकांना स्वाभाविक वाटली, यातूनही आपली मोजपट्टी किती वर सरकलेली आहे ते दिसते.

समाजशास्त्रज्ञ जोनाथन मेस यांनी अनेक देशांतील सर्वेक्षणे तपासली असता एक विरोधाभास समोर आला: विषमता जेथे अधिक, तेथे यश मेहनतीवर अवलंबून असते असे मानणारे लोकही अधिक. त्यांचे स्पष्टीकरण असे की विषमता वाढते तसतशी माणसे वेगवेगळ्या वस्त्यांत, शाळांत आणि कार्यालयांत विभागली जातात. स्वतःसारखीच माणसे सतत आजूबाजूला दिसू लागल्यावर त्यांच्यातील फरक खरोखरच मेहनतीचे वाटू लागतात. वासणा-भायलीच्या एखाद्या नव्या सोसायटीत वाढलेल्या मुलाच्या ओळखीची सगळी मुले क्लासला जाणारीच असतील, तर त्यांच्यात पुढे-मागे कोण हे अभ्यासावरच ठरते, आणि हा त्याचा अनुभव त्याच्या पुरता खराच असतो. घरी काम करणाऱ्या ताईंची मुलगी त्याच इयत्तेत शिकते हे त्याला माहीत असेलही, पण ती कोणत्या वेळी अभ्यास करते हे विचारण्याचा प्रसंग येत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. परिस्थिती काहीही असो, शेवटी परीक्षा सर्वांना सारखीच असते, आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर किंवा पूल बांधणारा अभियंता कुशलच हवा. कुशलतेविषयी दुमत असू शकत नाही. प्रश्न आहे तो परीक्षा नेमके काय मोजते हा. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच शेतकऱ्यांना कापणीपूर्वी, म्हणजे हात आखडता असताना, आणि कापणीनंतर, पैसा आल्यावर, अशा दोन वेळा बौद्धिक चाचण्या दिल्या. माणूस तोच, परंतु तंगीच्या दिवसांत त्याचे गुण लक्षणीयरीत्या कमी होते, कारण पैशांची चिंता विचारशक्तीचा मोठा भाग अडवून ठेवते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवण्यास दिली. जात जाहीर न करता कोडी दिली तेव्हा उच्च जातींची आणि दलित मुले सारखीच चमकली. सर्वांसमोर प्रत्येकाची जात उच्चारल्यानंतर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती.

परीक्षेनंतरचा टप्पाही सारखा नसतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनाव असलेल्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश होती. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतील आरक्षणाविषयीच्या निकालात स्पष्ट केले की खुल्या स्पर्धा परीक्षेतील गुण हीच गुणवत्तेची संपूर्ण व्याख्या होऊ शकत नाही, कारण काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभ त्या गुणांत प्रतिबिंबित होत नाहीत. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाचा हा निकाल होता. त्यात परीक्षा रद्द करा असे म्हटलेले नाही. परीक्षेकडून ती देऊ शकत नाही अशा निवाड्याची अपेक्षा करू नका, एवढे म्हटले आहे.

गरीब माणसेही मेहनतीच्या न्यायावर विश्वास ठेवतात, हेही सांगितले पाहिजे. ज्याला रोज उठून कष्टच करायचे आहेत, त्याला त्या कष्टांचे फळ मिळेल ही आशा सोडून जगता येत नाही. परंतु दोघांच्या विश्वासाचे परिणाम वेगळे होतात. रिक्षाचालकाचा विश्वास त्याला मुलीच्या फीसाठी जादा फेऱ्या मारायला लावतो. नोकरीच्या मुलाखती घेणारे, वर्तमानपत्रांत लिहिणारे, शाळांच्या विश्वस्त मंडळांवर बसणारे आणि धोरणे ठरवणारे बहुतेक लोक सुस्थित घरांतून येतात; गरिबी हा आळसाचा परिणाम आहे असे त्यांना वाटले, तर सरकारी शाळेसाठीचा खर्च त्यांना उधळपट्टी वाटू लागतो आणि शिष्यवृत्ती हा उपकार वाटू लागतो.

ही मते बदलतात का, याचा एक चांगला पुरावा भारतातूनच मिळाला आहे. सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खाजगी शाळांना २००७ पासून गरीब कुटुंबांतील मुलांसाठी २० टक्के जागा ठेवणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील श्रीमंत मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, वाटणी करताना समानतेकडे झुकू लागली, आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगवान गरीब मुलाला डावलण्याची त्यांची प्रवृत्ती कमी झाली. त्यांच्या स्वतःच्या अभ्यासावर झालेला परिणाम एकंदरीत किरकोळ होता. हे बदल प्रामुख्याने प्रत्यक्ष सहवासातून, एकत्र अभ्यास आणि खेळ यांतून झाले, असे राव यांना आढळले.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा अशा मुलांसाठी राखल्या, आणि बडोद्यातील शाळांनाही ही तरतूद लागू आहे. दरवर्षी प्रवेशांच्या काळात पालकांमध्ये ‘त्या मुलांमुळे वर्गाचा दर्जा खाली येईल का’ अशी चर्चा होते. दिल्लीतील निष्कर्ष पाहता या चर्चेत एक वेगळा प्रश्न विचारणे योग्य ठरेल: आपल्या मुलाच्या शाळेत ही मुले त्याच तुकडीत, त्याच बाकावर आणि त्याच सहलीत आहेत का? ज्या शाळेत त्यांची तुकडी वेगळी केली जाते किंवा सहलीची वर्गणी परवडत नाही म्हणून ती मागे राहतात, तेथे कायद्यातील जागा भरलेली असते, परंतु ज्या सहवासामुळे दिल्लीतील मुलांची मते बदलली तो सहवास घडलेला नसतो. पालक-शिक्षक सभेत हा प्रश्न मांडण्याचा अधिकार ज्या पालकांना सहज वापरता येतो ते सुस्थित पालकच आहेत, आणि तो त्यांनी याच जूनमध्ये वापरावा असे मला मनापासून वाटते.